जंगलजेट्टी पलीकडे आहे

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो, हा घाटावरच्या माणसाचा ठाम समज. नकाशाही त्याला दुजोरा देतो. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग निळ्या रंगाचं बोट धरून मुकाट्याने दक्षिणेला जाताना दिसतो. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर आणि मधून आपण. प्रत्यक्षात डोंगर डावीकडे राहायला तयार नसतो. तो ठरावीक अंतराने रस्ता ओलांडून पार समुद्रात पाय सोडून बसतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या खाड्या होऊन समुद्राला मिळतात आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा उभा असतो. खाडीवर उतरायचं, सड्यावर चढायचं, पुन्हा खाडीवर उतरायचं. समुद्रसपाटीवरून निघून संध्याकाळी समुद्रसपाटीलाच पोहोचलेला सायकलवाला मधल्यामधे दोनदा सिंहगड चढून आलेला असतो, आणि तेवढं करूनही त्याला पिठलं-भाकरी मिळालेली नसते.

वाटेत कुणाला विचारण्यात अर्थ नाही. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. ‘‘आलंच की, गाडीनं दहा मिनिटं.’’ गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि चालवणारा सांगणाऱ्याचा पुतण्या. ‘‘चढ आहे का हो?’’ या प्रश्नावर तर माणसं खरोखरच बुचकळ्यात पडतात. ज्याचं घर वरच्या वाडीत, बाग खालच्या अंगाला आणि दुकान त्याहून खाली, त्याला चढ वेगळा कसा दिसणार? ‘‘छे, चढ कसला!’’ असं तो मनापासून सांगतो. मग पुढच्या वळणावर आपण सायकलवरून उतरून सायकल ढकलत असतो.

आमच्या घोळक्यात एक घड्याळवाला इंजिनिअर आहे. चढ लागला की तो घड्याळ बघून जाहीर करतो, ‘‘आठ टक्के.’’ थोड्या वेळाने, ‘‘अकरा.’’ या माहितीने आजवर कुणाचाही चढ कमी झालेला नाही. दुसरी एक डॉक्टर. ती दर थांब्याला सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजते आणि स्वतः वडापाव खाते. शिवाय वाऱ्याशी वैर असलेला एक मित्र आहे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारनंतर समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून. म्हणून तर उत्तरेकडून दक्षिणेला जायचं, दुपारी वारा पाठीशी राहतो. हे त्याला पटतं, कागदावर काढून दाखवलं तर जास्तच पटतं. पण दुपार झाली की तो शपथेवर सांगतो की वारा समोरूनच आहे.

आणि काका. बँकेतून निवृत्त झालेले, कायम शेवटी. त्यांच्या सायकलला गिअर भरपूर, पण ते एकाच गिअरवर श्रद्धा ठेवून असतात. टपरी दिसली की थांबतात. केळशीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, यंदा हापूसला मोहोर कसा आहे, पुढच्या गावात घावणे कुणाकडे चांगले मिळतात, हे सगळं आम्हाला काकांमुळे कळतं. घड्याळवाल्याला फक्त सरासरी वेग ठाऊक असतो.

मुरुडला, म्हणजे हर्णैच्या बाजूच्या मुरुडला, आम्ही जरा गप्प झालो होतो. ते महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते इथून मित्रांबरोबर परीक्षेसाठी थेट साताऱ्याला चालत गेले होते. पावसाळ्याचे दिवस, वाटेत सह्याद्री. आणि तिथे पोहोचल्यावर, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. ही हकिगत काकांनी सांगितली तेव्हा आमची चर्चा चालली होती ती जेलचं सीट कव्हर चांगलं की गादीची चड्डी, यावर. चर्चा पाचेक मिनिटं थांबली. मग डॉक्टरचं म्हणणं पडलं की कर्व्यांना निदान बसायचा त्रास नव्हता, आणि ती पुन्हा सुरू झाली.

या प्रवासात खरा न्याय करते ती जंगलजेट्टी. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड: गाड्या, माणसं, बकऱ्या, माशांच्या टोपल्या, सगळं एकत्र घेऊन खाडी ओलांडणारी ती सपाट बोट. घड्याळवाला जीव तोडून चढ मारतो, उतारावर ब्रेकला हात लावत नाही, आणि धापा टाकत धक्क्यावर पोहोचतो तेव्हा बोट नुकतीच सुटलेली असते. तो उन्हात उभा राहतो. हळूहळू बाकीचे येतात. बोट पलीकडे लागते, रिकामी होते, भरते, निघते. ती अलीकडे टेकत असताना काका येतात, मिशीला चहा, कॅरिअरला कुणीतरी प्रेमाने दिलेली केळफुलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सकाळपासूनची सरासरी, आणि तिकीट दोघांना सारखंच.

आता हे सगळं बदलणार म्हणतात. बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले, त्या काळापासून या रस्त्याचं बोलणं चाललं आहे, आणि आता या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. जयगडला बोटीच्या कठड्याला टेकून घड्याळवाल्याने ही बातमी फार उत्साहाने सांगितली. थांबणं नाही, वाट बघणं नाही, अख्खा एक दिवस वाचेल. काकांनी समोरून जाणाऱ्या मालवाहू जहाजाकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘पुलाखालून हे जाणार ना?’’

‘‘हो, म्हणून तर पूल चांगले उंच असतील.’’

‘‘म्हणजे आता खाडीवरसुद्धा चढच की रे!’’

घड्याळवाल्याने नकळत मनगटाकडे पाहिलं. उतरेपर्यंत त्याचा हिशोब झाला होता: साधारण चार टक्के, दोन्ही बाजूंनी.