बुलढाण्याहून विम्बल्डनमार्गे परत बुलढाणा

साहित्य: एक रॅकेट, दोन जोडी बूट, दर महिन्याला पगार येणारे एक वडील आणि मलकापूर स्टेशनवर रात्री सोडायला येणारा एक मामा. मामा नसल्यास पुढे वाचू नये.

सुरुवात कोर्टापासून करा. टेनिसचं कोर्ट 78 फूट लांब आणि दुहेरीसाठी 36 फूट रुंद असतं. पण मागं पळायला जागा धरली तर 120 बाय 60 फुटांचा तुकडा लागतो. एवढी जागा मागायला गेलात की समोरचा विचारतो, "कायचं लॉन? लग्नाचं?" चूक त्याची नाही. आपल्याकडं लॉन म्हणजे मांडव, केटरर आणि डीजे. राज्याच्या संघटनेच्या नावातच 'लॉन टेनिस' आहे, हे त्याला सांगू नका. तो तारखा विचारेल.

जागा मिळाली तरी खाली काळी कपाशीची जमीन असेल, तर तिची चाल ओळखा. पावसात ती फुगते आणि एप्रिल-मेमध्ये अशी भेगाळते, की साडेसहा सेंटीमीटरचा चेंडू आत जाऊन बसेल. म्हणून काळी माती उपसायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, पुन्हा मुरूम, पुन्हा रोलर. या कामात खेळाडूच्या कारकिर्दीची पहिली दोन वर्षं जातात. ती वाया गेली असं समजू नये. टेनिसमधला धीर इथंच शिकून होतो.

तोवर शाळेच्या मागच्या भिंतीवर मारा. लहान पोट्ट्यांना एकदम पिवळा कडक चेंडू देऊ नका. आधी लाल, मग नारिंगी, मग हिरव्या ठिपक्याचा, असा हळू उसळणाऱ्या चेंडूंचा क्रम जगभर पाळतात. बुलढाण्यात दुकानदाराला हा क्रम सांगितला, तर तो क्रिकेटचा टेनिस बॉल काढून देतो आणि वर टेप हवी का विचारतो.

नंतर स्पर्धा. अखिल भारतीय संघटनेकडे नोंदणी करा, बारा, चौदा, सोळा, अठरा अशा वयोगटांतून वर सरका, आणि राजूर घाट उतरून मलकापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडा. पुण्यात पहिल्या फेरीत हरलात, तर परतीला मलकापूरला उतरू नका. सरळ शेगाव गाठा. दर्शन होतं, कचोरी मिळते आणि घरी सांगायला प्रवासाचा काही हेतूही सापडतो. रॅकेटची तार तुटली, तर गटिंग करणारा माणूस जवळपास असेल असं गृहीत धरू नका. हे लिहिणारा एकदा तुटक्या तारेला गाठ मारून खेळला आहे. निकाल विचारू नये.

आता व्यावसायिक व्हा. जागतिक शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एकूण 15,000 डॉलरच्या स्पर्धा. त्यात मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलेल्याला दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात, त्यातूनही कर कापतात. विमान, हॉटेल आणि गटिंग स्वतःचं. कोरडवाहू शेतीची सवय असलेल्या घराला हे गणित नवं वाटत नाही: पेरणी आपली, भाव दुसऱ्याचा.

नमुन्यादाखल पुण्याचे नितीन कीर्तने पाहा. 1992 साली विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत ते महेश भूपतीबरोबर अंतिम फेरीत गेले आणि तिसऱ्या सेटमध्ये 7-9 हरले. भूपतीनं पाच वर्षांनी फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, ते नाव सगळ्यांना पाठ आहे. कीर्तने पुढं पुण्यात शिकवू लागले. नंदन बाळही तसेच: ऐंशीच्या दशकात डेव्हिस कप खेळले, नंतर त्याच भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पुण्यात पोरं तयार होत राहिली, त्याला हवामान कारण नाही. हरून-जिंकून आलेली माणसं तिथंच राहिली, हे कारण.

बुलढाण्याला हे कळत नाही असंही नाही. प्रथमेश जावकरनं मे 2023 मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं, तो धनुर्धर इथलाच. चंद्रकांत इलग यांच्यासारखे प्रशिक्षक जिल्ह्यातच होते, पुण्याची गाडी पकडायची गरज नव्हती. टेनिसमध्ये आपण आधी चॅम्पियन शोधतो आणि मग त्याला मास्तर. माझ्या मते हे उलटं आहे.

म्हणून सव्विसाव्या वर्षी परत या. तिशीची वाट पाहू नका, गुडघे पाहणार नाहीत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा जमला तर करा, नाहीतर क्लबात सभासदांना खेळवणाऱ्या जुन्या मार्करचा हात बघा. तो सर्व्हिस लाइनजवळ बास्केट घेऊन उभा असतो. एका हातात तीन चेंडू, एक सोडला की दुसरा अंगठ्यानं पुढं सरकवलेला. रॅकेटची नुसती टपली, पण चेंडू शंभरदा त्याच वितीत पडतो. तोंडानं एकच: "लवकर वळ, लवकर वळ." बास्केट रिकामी झाली की पोरं बूट आणि रॅकेटच्या कचाट्यात चेंडू धरून उचलतात. ही उचल आली, की मूल खेळात आलं.

सामन्यात मात्र तोंड सांभाळून बसायचं. बसल्या जागेवरून सूचना द्यायला 2022 पर्यंत पुरुषांच्या टूरवर बंदी होती. 2025 पासून नियमानंच मुभा देता येते, पण वडिलांनी कुंपणाबाहेरून काय ओरडावं याला कुठलाच नियम पुरत नाही. त्यांना आधीच पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवा. दहावीच्या वाढीव गुणांचा आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचा प्रश्न ते पहिल्या आठवड्यातच विचारतील. उत्तर खरं द्या: टेनिसमध्ये तिथवर जायलाही मलकापूरच्या बऱ्याच फेऱ्या होतात.

शेवटी एक विनंती. पुण्या-मुंबईत खेळणाऱ्यांनी लव गेलेले, टक्कल पडलेले चेंडू टाकून देऊ नयेत. ते कमी उसळतात, म्हणून नवशिक्यांना बरे पडतात. पिशवीत भरून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येणाऱ्या कोणाजवळही द्या. मलकापूरला मामा उभा असतो.