प्रकाशक, ४८ के

बंगळुरात कुणी ‘गेम कंपनी काढली’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, फंडिंग किती मिळालं? आमच्या या गृहस्थांनी आपल्या कंपनीत आजवर बरंच फंडिंग ओतलंय; सगळं स्वतःच्या पगारातून. परताव्याची अपेक्षा त्यांना नाही, वहिनींना होती. तीही आता राहिलेली नाही.

मल्लेश्वरमच्या फ्लॅटमधली बंद केलेली बाल्कनी हे कंपनीचं मुख्यालय. इथून झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकासाठी नवेकोरे गेम प्रसिद्ध होतात, आणि तेही कॅसेटवर. स्पेक्ट्रम इंग्लंडात एप्रिल १९८२ मध्ये आला आणि १९९२ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. ही दुसरी तारीख गृहस्थांना मान्य नाही. रबरी बटणं, साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड८० प्रोसेसर, ४८ के मेमरी. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं त्याचा पुढचा अवतार, स्पेक्ट्रम प्लस, आपल्याकडे विकायला आणला तेव्हा हे शाळेत होते आणि शेजारच्या बिऱ्हाडात तो संगणक होता. सगळं बिनसलं ते तिथूनच, असं वहिनींचं निदान आहे.

दिवसा ते एका बड्या कंपनीत क्लाउडचं काम बघतात. टेराबाइटच्या खाली बोललेलं त्यांच्या टीमला कळत नाही. रात्री मात्र हेच गृहस्थ स्पेनमधल्या एखाद्या प्रोग्रामरशी ‘अजून अकरा बाइट शिल्लक आहेत, त्यांचं काय करायचं’ यावर दीड दीड तास चर्चा करतात.

हो, गेम ते स्वतः लिहीत नाहीत. लिहिणारे जगभर पसरलेत. जोनाथन कॉल्डवेलचं आर्केड गेम डिझायनर हे साधन आल्यापासून तर शौकिनांची चांगलीच सोय झाली. प्रकाशकाचं काम म्हणजे कॅसेटी भरायच्या, आतला रंगीत कागद छापून घ्यायचा, डबीत घालून पोस्टात टाकायचं. बहुतेकदा तोच गेम लेखकानं इंटरनेटवर फुकट ठेवलेला असतो. मग कॅसेट कोण घेतं? घेणारे घेतात, फळीवर लावतात आणि खेळायची लहर आली की फुकटातला उतरवून लॅपटॉपवर खेळतात. वेष्टनसुद्धा फाडत नाहीत. ब्रिटनमधल्या क्रोनोसॉफ्टसारख्या लेबलांनी हा उद्योग वर्षानुवर्षं चालवलाय, तेव्हा वेड एकट्या मल्लेश्वरमचं आहे असं समजू नये.

ही कॅसेट कुणी ऐकणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही गृहस्थ प्रत्येक कॅसेट स्वतः लोड करून बघतात. एका गेमला सुमारे पाच मिनिटं. ‘जे’चं बटण दाबलं की पडद्यावर आख्खा ‘लोड’ शब्द उमटतो, पुढे अवतरणचिन्हं, एंटर. आधी लाल-आकाशी पट्टे आणि एकसुरी शिट्टी, मग निळे-पिवळे पट्टे आणि कर्कश चिरचिराट. अगदी शेवटच्या क्षणी ‘टेप लोडिंग एरर’ आला, तर बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन प्लेअरचं हेड केसभर फिरवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एसपी रोडवर जुने टेपरेकॉर्डर हुडकताना ते दुकानदाराला हेडबद्दल असे प्रश्न विचारतात, की तो बिचारा किंमत सांगायचंच विसरतो.

पोस्टातला प्रसंग ठरलेला. परदेशी पार्सल, त्यामुळे आत काय ते लिहावं लागतं. काउंटरवरच्या बाई कॅसेट उलटसुलट करून विचारतात, “सार, याव हाडु?” कुठलं गाणं? हे म्हणतात, “हाडु अल्ला, मॅडम, गेमु.” बाई यांच्याकडे, मग घड्याळाकडे बघतात आणि शिक्का मारतात. त्यांच्या मते ही भजनंच आहेत, फक्त सार सांगायला लाजतात.

एकदा त्यांनी अस्सल बंगळुरी गेम काढायचं मनावर घेतलं. विषय, सिल्क बोर्डचा सिग्नल. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग मावतात. त्यामुळे हिरवी-पिवळी रिक्षा निळ्या बसला चिकटली की रिक्षा निळी होई आणि बसचा काही भाग पिवळा. गाड्या वाढल्या की प्रोसेसर दमून सगळंच कूर्मगतीनं सरके. प्रोग्रामरनं माफी मागितली. यांनी कळवलं, “काही बदलू नका, हुबेहूब जमलंय.” त्यानं विचारलं, यात जिंकायचं कसं? हे खरोखर गोंधळले. जिंकायचं असतं, ही कल्पनाच त्यांनी केली नव्हती.

तो गेम गेला, आणि आठवड्यात चूक सापडली. तिसऱ्या पातळीवर रिक्षा फ्लायओव्हरखाली शिरली की गेम गोठे. ऑफिसात अशी चूक तासाभरात सुधारून सगळीकडे पाठवता येते. पण पोस्टात पडलेली कॅसेट कशी सुधारणार? गृहस्थांनी रात्री जागून नव्या कॅसेटी भरल्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला माफीचं पत्र लिहिलं आणि स्वखर्चानं सगळ्या पुन्हा पाठवल्या. वहिनींनी डब्या चिकटवायला मदत केली, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते लक्षात येईल.

उत्तरं आली. चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण डबी कुणी उघडलीच नव्हती. सुधारलेल्या कॅसेटबद्दल सगळ्यांनी आभार मानले, पण जुनी परत करायला एकही तयार होईना. आणि ज्यांनी मागाहून सुधारलेली विकत घेतली होती, ते आता रागानं विचारताहेत, आम्हालाच चांगली का दिली? चुकीची एखादी शिल्लक आहे का? दुप्पट पैसे देऊ.

गृहस्थ चांगलेच दुखावलेत. वहिनी मात्र तेव्हापासून पुढच्या गेममध्ये चूक कुठे ठेवायची, याची आस्थेनं चौकशी करतात.