पवनारात काळ्या नूडल्स: नवशिक्यांसाठी

सगळ्या पाककृती आधी साहित्य जमवायला सांगतात. इथे आधी माणसं जमवायची. घरात कोरियन मालिका बघणारी किमान एक मुलगी हवी, कारण तिच्याशिवाय हा पदार्थ वर्ध्याजवळच्या पवनारात कुणाला सुचायचा नाही. त्या मालिकांमध्ये घर बदललं, परीक्षा संपली, नोकरी गेली, काहीही झालं की माणसं फोन करून जाड पांढऱ्या नूडल्स मागवतात. वर काळाकुळकुळीत सॉस. नाव जाजांगम्यॉन. दुसरी व्यक्ती आजी. कढईत डोकावून ‘हे का हाय बाप्पा, डांबर?’ असं तिने विचारायचं असतं. तिने विचारलं नाही, तर रंग कमी पडला असं समजा. तिसरी व्यक्ती पार्सलचे पैसे देणारी. तिला कृती वाचून दाखवू नये.

आता साहित्य. मुख्य वस्तू म्हणजे ‘चुनजांग’ ही काळी पेस्ट. ती वर्ध्याच्या किराणा दुकानात मागू नका. दुकानदार भला माणूस असतो, तो नाही म्हणत नाही, सोया सॉसची बाटली काढून देतो. बाटलीतलं ते पातळ खारं पाणी वेगळं आणि ही घट्ट पेस्ट वेगळी. बाटली ओतून जे होईल त्याला आपल्याकडे ‘चायनीज’ म्हणतात आणि ते गाडीवर जास्त चांगलं मिळतं. पेस्ट ऑनलाइन मागवा. पत्ता लिहिताना ‘आश्रमाजवळ’ एवढंच लिहू नका, नाहीतर पार्सल सेवाग्रामच्या आश्रमात जाऊन येईल.

पार्सल आलं की पाकिटाची मागची बाजू वाचा. सोयाबीन, गव्हाचं पीठ, मीठ, कॅरमेल. पुन्हा वाचा. सोयाबीन! मग दार उघडून शिवाराकडे बघा. ऑगस्टमध्ये बघितलंत तर सेलूपासून हिंगणघाटपर्यंत कपाशी सोडली की उरतं ते बहुतेक सोयाबीनच. ज्वारी, मूग, उडीद मागे सारत या पिकाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत विदर्भ व्यापला. तीन-साडेतीन महिन्यांत हातात येतं, दिवाळीच्या तोंडाशी पैसा देतं, म्हणून ते पेरायचं. सोंगायचं, थ्रेशरमधून काढायचं, कुटार एका बाजूला आणि दाणे पोत्यात, पोती थेट बाजार समितीत. तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल पिशवीत भरून आपल्याच दुकानात परत येतं. पेंड कोंबड्या खातात. माणसाच्या ताटात काय येतं? कुणी गव्हाच्या दळणात मूठभर टाकतं, कुणी सोयावडीची भाजी करतं. बस्स. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. बाजारात तो मिळाला का, हे शेतकऱ्याला जेवणाच्या वेळी विचारू नये. आणि हातातल्या पाकिटाची किंमत क्विंटलमध्ये तर अजिबात काढू नये, भूक मरते.

आजीला हे सगळं पोरकट वाटत असेल, तर तिला मगनवाडीची गोष्ट सांगा. पवनारहून दहा किलोमीटरच्या आत, वर्धा गावातच. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा कारभार जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेतून चालू लागला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, मधमाश्या यांच्याबरोबर गांधीजींनी १९३५ मध्ये सोयाबीनही हाती घेतलं. मगनवाडीतल्या मंडळींच्या जेवणात ते वाढलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. गरिबाला डाळ-दूध परवडत नाही, तर हा स्वस्त आणि पौष्टिक दाणा का नको, असा त्यांचा रोख होता. तेव्हा वर्ध्याच्या शेतात सोयाबीन औषधालाही नव्हतं. आज शेतभर आहे आणि ताटात नाही. गांधीजींच्या आग्रहाने जे झालं नाही, ते मोबाइलच्या पडद्यावरच्या एका कोरियन नायकाने अर्धंमुर्धं करून दाखवलं, तेही कॅरमेल घालून.

सोयाबीन ताटात का आलं नाही, याला कारणही आहे. तुरीसारखं ते वरणात विरघळत नाही, तासन्‌तास टणक राहतं, आणि नुसतं भरडून शिजवलं तर कच्चट वास येतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटकही असतो, तो नीट शिजवल्याशिवाय जात नाही. चीन, जपान, कोरियाने त्यावर उपाय काढला तो आंबवण्याचा. आपल्या देशातही नागालँडचं अखुनी आणि मणिपूरचं हवाइजार याच वाटेने जातं. इथे नवशिक्याच्या डोक्यात एक विचार हमखास येतो: घरात पोतंभर सोयाबीन आहे, पेस्ट घरीच करू. नका करू. योग्य बुरशी योग्य ओलाव्यात आणि उबेत वाढवावी लागते, मग मिठात महिनोन्‌महिने मुरवावं लागतं. पावसाळी पवनारात कोपऱ्यातल्या डब्यात आपोआप उगवते ती बुरशी वेगळ्या जातीची असू शकते, आणि तिचं विष उकळूनही जात नाही.

पेस्ट मुरवण्याऐवजी इतिहास मुरवा. कोरियातलं इंचॉन बंदर १८८३ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि समोरच्या शानडाँग प्रांतातून चिनी हमाल, व्यापारी, स्वयंपाकी तिथे आले. तळलेली सोयाबीनची पेस्ट घातलेल्या नूडल्स त्यांच्या घरच्याच. त्या कोरियन जिभेला गोड करून घेण्याचं काम पुढे झालं: पेस्टमध्ये कॅरमेल आलं, कांदा वाढला, स्टार्चने सॉस दाट झाला. १९६०-७० च्या दशकांत तांदळाची टंचाई होती, अमेरिकेचा गहू येत होता आणि सरकार लोकांना पिठाचे पदार्थ खा म्हणून सांगत होतं. त्या काळात हा पदार्थ घरोघरी पोचला. (त्याच सुमारास आपल्याकडेही अमेरिकेचा गहू आणि मायलो रेशनवर येत होता. आपण त्याच्या भाकरी थापल्या आणि नावं ठेवली.) इंचॉनच्या ज्या जुन्या चिनी उपाहारगृहाने हा पदार्थ नावारूपाला आणला, त्याच्या इमारतीत २०१२ पासून या नूडल्सचं संग्रहालय आहे. झुणक्याला अजून एक खोलीही मिळालेली नाही.

चला, गॅस पेटवा. चार जणांसाठी अर्धी वाटी पेस्ट आणि तेवढंच तेल. मंद आचेवर पेस्ट चार मिनिटं तेलात परता, सतत ढवळा. पाकिटातून थेट घातलेली पेस्ट कडू लागते, तळली की कडवटपणा जातो. सारी कृती खरं म्हणजे या चार मिनिटांत आहे. धूर येऊ देऊ नका, जळली तर काळ्यावर काळं दिसत नाही, जिभेलाच कळतं. पेस्ट काढून ठेवा, वरचं जास्तीचं तेल निथळून घ्या. त्याच तेलातल्या दोन चमच्यांवर आल्याचा तुकडा, मग तीन मोठे कांदे जाडसर चौकोनी. कोरियात यात डुकराचं मांस असतं. पवनारच्या बहुतेक घरांत त्याऐवजी भिजवून पिळलेली सोयावडी चालेल, म्हणजे सोयाबीनवर सोयाबीन. त्यांच्या झुकिनीच्या जागी कोवळा दोडका, शिवाय बटाटा आणि पत्ताकोबी. तिखट, गरम मसाला, सांभार (म्हणजे कोथिंबीर), तर्री यांपैकी काहीही घालायचं नाही. हे वाक्य छापून ओट्यावर चिकटवा, कारण तुमची पाठ वळताच कुणीतरी तिखटाचा डबा उघडतं. मीठही नको, पेस्टमध्ये भरपूर आहे. साखर एक मोठा चमचा. पेस्ट आणि दोन वाट्या पाणी घालून बटाटा शिजेपर्यंत उकळा. शेवटी दोन चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून सोडा. सॉस चकाकू लागला की बंद.

नूडल्ससाठी उन्हाळ्यात केलेल्या घरच्या शेवया काढू नका. त्या बारीक असतात आणि काळ्या सॉसची खीर होते. सरगुंडे जाडीला बरे, पण बेताच्या लांबीचे. मैद्याचं घट्ट पीठ मळून, अर्धा तास झाकून, पोळी लाटून सुरीने लांब पट्ट्या कापा. वरणफळं कापणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. मोठ्या भांड्यात उकळा आणि लगेच थंड पाण्यात धुवा, म्हणजे चिकटपणा निघून त्या तकतकीत होतात. मे महिन्यात थंड पाणी म्हणजे माठातलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरलंत तर नूडल्स दुसऱ्यांदा शिजतील.

सोबत पिवळा आंबट-गोड मुळा लागतो. कोरियात तो पाकिटात मिळतो, इथे चकत्या करून व्हिनेगर, साखर, मीठ आणि हळदीच्या पाण्यात रात्रभर ठेवा. हळद वायगावची घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि कोरियातला कुठलाही मुळा इतका पिवळा होत नाही, असं मी बिनधास्त म्हणतो.

दिवस निवडताना जपा. १४ एप्रिलला कोरियात एकटी मुलं-मुली काळे कपडे घालून हेच खातात. व्हॅलेंटाइन हुकल्याचं दुःख असं साजरं होतं. आपल्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, रस्ते निळे असतात, आणि उदास बसायला कुणाला सवड नसते. दुसरा कुठलाही रविवार घ्या.

जागेचंही भान ठेवा. पवनारात धाम नदीच्या काठावर विनोबा १९३८ मध्ये राहायला आले. १९५९ मध्ये तिथे त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर उभं केलं. आश्रमाच्या अकरा व्रतांत एक अस्वाद. जे समोर येईल ते शरीराचं भाडं म्हणून खावं, जिभेचे लाड करू नयेत. तुम्ही आत्ता जे करताय ते या व्रतात बसत नाही, हे उघड आहे. तरी खिडकी नदीच्या बाजूची असेल तर पेस्ट परतताना लावून घ्यावी.

खाण्याची पद्धत: नूडल्सवर सॉस, वर काकडीच्या काड्या, आणि वाढल्या वाढल्या तळापासून कालवायचं. फोटो काढत बसलात तर गोळा होतो. चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा घ्या, तोही नसेल तर हात आहेत. पांढरा सदरा घालू नका.

सॉस उरतोच. तो दुसऱ्या दिवशी गरम करून भातावर घालतात, कोरियातही घालतात, त्याला वेगळं नावही आहे. हा बेत आजीला न विचारता करा. ती दोनदा मागून घेईल आणि मग विचारेल, ‘काल काहून नाई केला भात? उगाच मैदा नासवला.’