मोत्याचा बारमाही चातुर्मास

नातेपुत्यात कुत्र्याला उपाशी ठेवणं अवघड आहे. गाव पालखीच्या वाटेवरचं. आषाढात ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्याकडे करते. दारात आलेल्याला खाऊ घालायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. आलेला दोन पायांचा आहे की चार, याचीही चौकशी होत नाही. त्यात नामदेवांची गोष्ट प्रत्येक म्हातारीला पाठ. कुत्र्यानं पोळी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. आमच्या मोत्यामागं सकाळपासून कुणी ना कुणी वाटी घेऊन असतंच.

म्हणूनच जनावरांच्या डॉक्टरांनी वर्ज्य पदार्थांची यादी सांगितली, तेव्हा ती सगळ्या गल्लीलाच ऐकवावी लागली.

यादीत पहिला कांदा, दुसरा लसूण. कच्चा, शिजलेला, पूड केलेला, कुठलाच नको. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला तर थोडाही पुरतो. आणि हे लगेच दिसत नाही. दोनचार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस होते, तोवर खाऊ घालणारा आपलं पुण्य विसरलेला असतो.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी माळकरी हाय म्हना की!"

माळकऱ्यापेक्षा कडक. माणसं चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, पण त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चार महिन्यांची वसुली आगाऊ करून घेतात. मोत्याचा चातुर्मास बारमाही, आणि त्याला नवमीची सवलत नाही. मटण मात्र चालतं. चालतं म्हणजे बिनमसाल्याचं आणि बिनहाडाचं, कारण शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. मटण चालतं पण रस्सा चालत नाही, असा पंथ अजून एकाही महाराजांनी काढलेला नाही.

पुढं द्राक्षं आणि बेदाणे. यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होतं, आणि किती खाल्ल्यावर, याला नेम नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, एखादा चार मण्यांत आडवा होतो. यामागचं कारण कित्येक वर्षं कुणाला सापडत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर संशय घेतला. तेच आम्ल चिंचेत भरपूर. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा गेला, तशी चिंचेची आमटीही गेली. चॉकलेट आधीच बाद होतं, आणि चुलत्यांच्या मधुमेहासाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्याही. त्यात झायलिटॉल असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते. कांद्याच्या गाड्यांनी बाजार समिती तुंबते आणि द्राक्षांचे मांडव नजर पोचेल तिथवर पसरतात, अशा जिल्ह्यात हा प्राणी जन्माला आला. पूर्वजन्मीचं काहीतरी असणार.

खरी गंमत पुढं आहे. आमच्याकडच्या माणसाला विषाचं ज्ञान नाही असं नाही. पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात सायनाइड तयार होतं, हे रसायनशास्त्र न शिकलेला म्हाताराही त्या रानात म्हैस जाऊ देत नाही. कण्हेरीची छाटलेली फांदी चाऱ्यात जाऊ नये म्हणून तो बांधावर उभा राहून ओरडतो, कारण ती वाळली तरी विष वाळत नाही. तोच म्हातारा घरी येऊन मोत्याला चॉकलेट चारतो. म्हशीला दूध असतं, त्यामुळं तिच्याबाबत शास्त्र. कुत्र्याला नुसतं प्रेम.

आणि अंगण? शिखर शिंगणापूर आमच्यापासून जवळ, त्यामुळं महादेवाची फुलं घरोघर. कण्हेर, पिवळी बिट्टी, रुई, तिन्ही थेट हृदयावर जाणारी. धोत्र्यानं बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं आणि प्राणी भ्रमिष्टासारखा भिंतीला धडकतो. देवानं हलाहल पचवलं, त्याला काय होतंय! मोत्याचा तसा काही अनुभव नाही. शहरातून आलेल्या वहिनींनी यावर उपाय म्हणून घरात मनी प्लांट लावला. तो निघाला अळूचा भाऊबंद. चावला की त्याच्या सुया तोंडात टोचतात, लाळ गळते. अळू आपण चिंच घालून शिजवतो तरी. मनी प्लांट शिजवण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

एवढं करून जनावरानं काही खाल्लंच, तर गल्लीत तीन पक्ष पडतात. मीठपाणी पाजा, तूप पाजा, ताक पाजा. मीठपाणीवाले सगळ्यांत जोरात बोलतात आणि सगळ्यांत धोकादायक असतात, कारण जास्त मीठ हेच कुत्र्याला विष. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. काही पाजू नका, उगाच ओकायला लावू नका, 1962 ला फोन करा किंवा जनावर घेऊन या, आणि काय खाल्लं त्याचं पान नाहीतर पाकीट सोबत आणा.

हेच पुन्हा बजावायला ते कांदेनवमीला घरी आले. आईनं मोत्यासाठी बटाट्याची भजी वेगळी तळली होती. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तळकटही नको. स्वादुपिंड सुजतं."

"मग द्यायचं काय ह्येला?"

"भाकरी."

"नुसती?"

"नुसती."

मोत्या डॉक्टरांच्या ताटलीपुढं बसून त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर मान वरखाली करत होता. डॉक्टर कांद्याचे दुष्परिणाम पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, तशी आई म्हणाली, "आधी त्ये हातातलं भजं संपवा, मग सांगा. त्याला वाटतंय तुमी त्याच्या वाटणीचं खाताय."