मेंब्रेनराव

मे महिन्यात सारं पुणं आंब्याच्या पेटीचा भाव विचारत असतं, तेव्हा मेंब्रेनराव अंदमानाची चौकशी करत असतात. मॉन्सून अंदमानात पोचल्याची बातमी आली की आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश पडलाच म्हणून समजा : 'मंडळी, जॅकेटं बाहेर काढा. डीडब्ल्यूआर शिल्लक आहे का तपासा.' ग्रुपातल्या निम्म्या लोकांना डीडब्ल्यूआर हे पाटबंधारे खात्याचं एखादं कार्यालय वाटतं. उरलेल्या निम्म्यांनी गेल्या वर्षी हाच संदेश वाचलेला असतो, ते अंगठा दाखवून मोकळे होतात. खरं तर ते जॅकेटच्या बाहेरच्या कापडावरचं लेपन असतं. ते असलं की थेंब मोत्यासारखे घरंगळतात, ते गेलं की कापड पाणी पितं आणि आतला पडदा, म्हणजे मेंब्रेन, कितीही भारी असला तरी गुदमरतो. हे ज्ञान आम्हा सगळ्यांना त्यांच्याचमुळे झालं आहे, मागितलेलं नसताना.

मेंब्रेनराव हे त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. ते बँकेच्या पासबुकात सुखरूप आहे. पण दर पाचव्या वाक्याला ज्याच्या तोंडी मेंब्रेन येतं त्याला दुसरं काय म्हणणार? असा एक गृहस्थ डोंबिवलीच्या ग्रुपात असतो, नाशिकच्या असतो, सोलापूरच्या ग्रुपातही असतो, आणि तिथे तर पावसाच्या मानानं त्याचं अधिकच कौतुक वाटतं. पन्नाशीच्या आसपासचं वय, बरी नोकरी, त्याहून बरे गुडघे, आणि घरात एक असं कपाट की ज्यात वहिनींना साधी उशीसुद्धा कोंबायची परवानगी नाही.

त्यांचं व्याख्यान ऐकायचं असेल तर ट्रेकला निघालेल्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसावं. तिथे जागा नेहमी मिळते. नवले पूल मागे पडेपर्यंत चार्ल्स मॅकिन्टॉश येतो. या स्कॉटिश माणसानं 1823 साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. "पाऊस आत येईना," मेंब्रेनराव बोट उंचावून सांगतात, "पण घाम बाहेर जाईना! जवळजवळ दीडशे वर्षं माणूस आतून भिजत होता हो!" आवाज असा कातर होतो की ड्रायव्हर आरशातून मागे बघतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर बॉब गोर चढतो. 1969 साली टेफ्लॉनच्या कुळातली एक तापलेली कांडी हळूहळू ताणून ताणून हा वैतागला आणि त्यानं तिला एकदम हिसका मारला. ती तुटायची ती कित्येक पट लांबली आणि तिच्यात थेंबाला शिरता येऊ नये पण वाफेला निसटता यावं इतकी बारीक छिद्रं झाली. 1976 पासून त्याचं कापड बाजारात आलं. नसरापूर फाट्यावर चहाला उतरेस्तोवर व्हिताले ब्रामानी येऊन पोचलेला असतो. आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर 1937 साली या इटालियन गिर्यारोहकानं खाचांचा रबरी तळवा काढला, त्याच्या नाव-आडनावातूनच व्हिब्रम झालं. हे सांगताना मेंब्रेनराव शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला पाय वर करायला सांगतात आणि त्याचा तळवा तपासतात. आश्चर्य म्हणजे लोक पाय वर करतात.

पण त्यांचा खरा गड म्हणजे दुकान. जॅकेट हाती आलं की ते आधी उलटं करतात. बाहेरचा रंग, खिसे, छातीवरचं चिन्ह, यांत त्यांना रस नाही. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलीय का आणि ती बगलेपर्यंत पोचलीय की मध्येच सोडून दिलीय, हे ते बोटानं चाचपत जातात. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक हे पावसाचं दार असतं, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. मग दुकानातल्या पोराची परीक्षा.

"सर, वॉटरप्रूफ आहे."

"वॉटरप्रूफ की वॉटर रिपेलंट?"

"सर, पाणी नाही येत आत."

"किती वेळ नाही येत?"

पोरगा वरिष्ठाला बोलवायला जातो. वरिष्ठ लांबूनच मेंब्रेनरावांना ओळखतो आणि तंबूंच्या विभागात नाहीसा होतो. तोवर मेंब्रेनरावांनी डोक्यावर टोपी चढवून मान डावीकडे वळवलेली असते. टोपी मानेबरोबर वळली तर पास. टोपी जागेवर राहून डावा डोळा अस्तरात गेला तर नापास. नंतर दोन्ही हात वर करून ते आरशासमोर उभे राहतात, बाही मनगटावरून किती खाली घसरते ते बघायला. मागून जाणारी एखादी छोटी मुलगी आईला विचारते, "आजोबांना पकडलं का?"

बुटांची खरेदी संध्याकाळी. दिवसभराच्या उभं राहण्यानं पाय थोडा फुगतो आणि डोंगरातही तो फुगणारच, म्हणून सकाळी घेतलेला बूट दुपारी चावतो. मोजे स्वतःचे, जाड, घरून नेलेले. दुकानातल्या खोट्या दगडाच्या उतारावर ते टाच वर, बोटं खाली अशा अवस्थेत इतका वेळ उभे राहतात की गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जातात. अंगठा पुढे टेकला तर बूट रद्द, कारण उतरताना तोच अंगठा पाच-पाचशे वेळा टेकतो आणि नख काळं पडतं. हा सल्ला मात्र फुकटातला सोन्यासारखा आहे. दिमाखात नेमक्या मापाचे बूट घेऊन राजगड उतरलेल्यांना विचारा.

घरी आल्यावर न्हाणीघरातली चाचणी. जॅकेट, पँट, बूट असा सगळा सरंजाम चढवून, खिशाखिशात टिशूपेपर ठेवून ते शॉवरखाली उभे राहतात. जो कागद ओला निघेल तिथे गळती. बाहेरून वहिनी विचारतात, "अहो, गीझर लावू का, की पावसाला गार चालेल?" वहिनींनी पुष्कळ सोसलंय. मागे एकदा त्यांनी हे जॅकेट बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावलं, वर सुगंधी सॉफ्टनर ओतला. सॉफ्टनरचा थर कापडावर बसला की लेपनाचा निकाल लागतो. घरात दहा दिवस सुतक होतं.

वहिनींच्या सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. जॅकेटवरच्या चिठ्ठीवर वीस हजार मिलिमीटर असं छापलेलं त्यांनी वाचलं. "अरे, पुण्यात वर्षाला पाऊस पडतो सातशेच्या घरात. वीस हजार व्हायला अठ्ठावीस वर्षं लागतील. तोवर तू राहशील, हे कापड राहील का?" मेंब्रेनरावांनी समजावलं की तो पाऊस नव्हे, दाब आहे. कापडावर वीस मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब पाझरत नाही असा त्याचा अर्थ. म्हातारीनं चष्मा काढला. "म्हणजे तू विहिरीत उतरणार आहेस?"

आता खरं सांगायचं तर सासूबाईंचा नेम बरोबर लागला होता. मेंब्रेनरावांचं ज्ञान खोटं नाही, ते दुसऱ्या मुलखाचं आहे. हे जॅकेट श्वास घेतं म्हणतात ते कधी? आत ऊब आणि दमटपणा, बाहेर थंडी आणि कोरडेपणा असेल तेव्हा. वाफ जास्तीकडून कमीकडे जाते, एवढीच त्यातली जादू. स्कॉटलंडच्या टेकडीवर ती चालते. आर्द्रा नक्षत्रात राजगडाच्या धारेवर हवा बावीस-चोवीस अंशांची आणि पाण्यानं पुरी भरलेली. आतली वाफ बाहेर जाऊन उभी कुठे राहणार? दादरला उतरायचंय पण फलाटावरच डब्याइतकी गर्दी आहे, अशी तिची गत. चिठ्ठीवर दिवसाला चौरस मीटरमागे दहा हजार ग्रॅम वाफ सोडण्याची हमी असते. म्हणजे तासाला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम, तेही प्रयोगशाळेत. गुंजवण्याहून चोरदरवाजाची उभी वाट चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, आणि तो माणूस मेंब्रेनराव असेल तर बोलण्याचा घाम वेगळा.

त्यामुळे व्हायचं ते होतं. पहिल्या अर्ध्या तासात बगलेखालच्या चेनी उघडतात. पुढच्या टप्प्यावर गळ्याखालची चेन उघडते, आणि पाऊस तिचीच वाट बघत असतो. कातळटप्प्यावर रेलिंग धरायला हात वर करावे लागतात, तेव्हा मनगटातून शिरलेला ओघळ सरळ काखेपर्यंत जातो. दुकानातल्या आरशासमोर पाऊस नव्हता, हा त्या परीक्षेचा एकच दोष. वर पद्मावती माचीवर पोचल्यावर मेंब्रेनराव आणि शेदोनशे रुपयांचा प्लास्टिकचा कागद पांघरून आलेला कॉलेजचा पोरगा, दोघेही सारखेच निथळत असतात. पोरगा म्हणतो, "काका, तुम्हीपण भिजलात?" मेंब्रेनराव ओठ आवळून उत्तर देतात, "हा पाऊस नाही. कंडेन्सेशन आहे."

बुटांची कथा अधिक करुण. जलरोधक बूट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, हे कबूल. पण ओढा पोटरीपर्यंत असेल तर पाणी कापडातून कशाला येईल, वरच्या तोंडातून ऐटीत येतं, आणि मग तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. मेंब्रेनराव ओढ्यापलीकडे दगडावर बसून एकेक बूट उलटा करतात. आम्ही माना वळवतो. अशा वेळी बघू नये.

एवढं असूनही मेंब्रेनरावांशिवाय पावसाळी ट्रेक नको वाटतो. मागे एकाचे कपाटात कित्येक वर्षं जपलेले भारी बूट घसरड्या उतारावर जबडा वासून उभे राहिले, तळवा निम्मा खाली लोंबला. न वापरता ठेवले तरी दमट हवेनं तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर आतून कुजतो, हे मेंब्रेनरावांनी तिथेच, भर पावसात, रासायनिक कारणांसह समजावून सांगितलं. सांगता सांगता पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून ठेवलेली चिकटपट्टी सोडवली आणि तळवा असा बांधून दिला की तो गृहस्थ गाडीपर्यंत चालत आला. सॅकच्या बाहेरून रेनकव्हर घालणाऱ्यांवर ते हसतात, कारण पाठीच्या बाजूनं ओघळलेलं पाणी त्या कव्हराच्या तळाशीच साठतं. त्यांच्या सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असते, पिशवीत कोरडे कपडे, आणि ते नेहमी एका माणसापेक्षा जास्त लोकांना पुरतात. देताना फक्त अट असते, मोजे लोकरीचे का आहेत हे ऐकून घ्यावं लागतं.

गेल्या आषाढात गड उतरून आम्ही गुंजवण्यात आलो. खाचरांत आवणी चालली होती. बाया इरली पाठीवर घेऊन ओळीत वाकलेल्या. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा. पूर्वी त्याला पानांचा थर असे, आता बहुतेक प्लास्टिकचा कागद. पाठ झाकलेली, दोन्ही हात मोकळे, आणि पुढून सगळं उघडं, त्यामुळे वारा आत खेळता. मेंब्रेनराव बांधावर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या जॅकेटातून वाफ निघत होती, नको त्या वाटेनं का होईना.

आम्ही ज्या घरी जेवतो तिथले मामा खताच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून, तिची खोळ डोक्यावर घेऊन आले. पायात बाजारात मिळतात ते प्लास्टिकचे बूट, बाजूनं भोकं असलेले.

"मामा, पाणी शिरत नाही यात?"

"शिरतंय की. शिरतंय तसं निगतंय."

मेंब्रेनरावांनी बूट मागून घेतला. उलटा केला, तळव्याच्या खाचांवर अंगठा फिरवला, वाकवून पाहिला. मग गोणी मागितली. ती उलटी केली. शिवण बघितली. पिठलं-भाकरी निवत होती, मामी दोनदा हाक मारून गेल्या. मामांना एवढ्या गंभीरपणे त्यांच्या गोणीबद्दल कुणी विचारलं नसावं. तेही रंगात आले आणि युरियाची आणि डीएपीची गोणी यांतला फरक सांगू लागले. मेंब्रेनरावांनी फोनमध्ये नोंद घेतली. आपलं जॅकेट त्यांनी मामांना घालून बघायला दिलं. मामा अंगणात एक चक्कर मारून आले आणि भिडेखातर म्हणाले, "ब्येस हाय. थंडीत बरं पडंल."

त्या आठवड्यात ग्रुपवर नवा संदेश आला. 'मंडळी, खताच्या गोण्या : खरेदीपूर्वी तपासायच्या बाबी. आतलं अस्तर असलेली आणि नसलेली यांत मूलभूत फरक आहे. रविवारी मार्केट यार्डात कोण येतंय? येताना सॅक घेऊन या, खोळ सॅकवरून बसते का ते पाहू. दुकानदाराशी मी बोलतो.'