स्वयंचलित यंत्र : व्याख्या व उपयोग

ज्या यंत्राशेजारी एक माणूस कायम उभा असतो, त्यास स्वयंचलित यंत्र म्हणतात. १९३० साली अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी भाकीत केले की, शंभर वर्षांत आठवड्याला १५ तासांचे काम पुरेल आणि उरलेल्या वेळेचे काय करावे, हीच मानवजातीची खरी चिंता ठरेल. भारताने ही चिंता मुळातच मिटवली आहे. मुंबईच्या टॉवरमधील स्वयंचलित लिफ्टमध्ये स्टुलावर लिफ्टमन असतो. बटण दाबणे हे रहिवाशांचे काम नव्हे. एटीएमबाहेर रखवालदार असतो. पैसे संपल्याची वार्ता तो यंत्राच्या आधी देतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तो वाचला न गेल्यास हाती स्कॅनर घेतलेला कर्मचारी धावत येतो. पुढील टप्प्यात प्रत्येक यंत्राला बिघाडाचे वार्षिक उद्दिष्ट ठरवून दिल्यास बेकारीही आटोक्यात येईल.

सुशिक्षितांसाठी बैठे काम उपलब्ध आहे : चौकोनांतले सिग्नल निवडून आपण यंत्र नाही, हे संगणकाला पटवून देणे. न पटल्यास बस निवडाव्या लागतात. या कामाला पगार नाही. उमेदवार माणूस आहे की नाही, याबाबत यंत्राचा निर्णय अंतिम राहतो.