लॉनचं रेशनकार्ड

कोल्हापूरकराला पाणी फुटात आणि इंचात कळतं. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे अंगणवाडीतलं पोरही सांगेल. २०१९ ला ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. या दोन आकड्यांवरून अजून कट्ट्यावर वाद होतात, कारण प्रत्येकाला आपल्या गल्लीतला पूर मोठा वाटतो. अशा गावाला ‘पाणी जपून वापरा’ म्हणणं म्हणजे पैलवानाला पथ्य सांगणं. तो मान हलवतो आणि दुधाचा दुसरा तांब्या मागवतो.

आता जरा २०२३ आठवा. जूनमध्ये पाऊस रुसला, मग थोडा आला, मग पुन्हा रुसला. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्या यादीत आपल्या जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. दुष्काळ आणि कोल्हापूर एका कागदावर! माणदेशातल्या पाहुण्यांनी फोन करून खात्री करून घेतली असेल. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत दिवाळी आली. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन अखेर शहराजवळच्या पुईखडीपर्यंत पोहोचली होती. काँग्रेस नेते सतेज पाटलांनी त्या पाण्यानं अभ्यंगस्नान केलं, फोटो निघाले, फटाके वाजले. अंघोळीला कुणाचा विरोध नाही. ५३ किलोमीटर चालून आलेलं पाणी, त्याचा मान राखायलाच हवा. पण त्यानंतर कधी पंप बिघडतो, कधी वीज जाते, कधी नळ कोरडा, आणि थेट पाइपलाइनचं पाणी घरी थेट येण्याऐवजी टँकरमधून येतं.

टँकर आला की उपनगरातलं चित्र बघण्यासारखं असतं. रस्त्यावर घागरी, कॅन, बादल्या, ‘वहिनी, माझा नंबर आधी’ची खडाजंगी. आणि त्याच रस्त्यावर, कंपाऊंडच्या आत, गोल गोल फिरणारा फवारा. काका अंगात बर्म्युडा घालून बर्म्युडा गवताला पाणी पाजत उभे. त्यातलं निम्मं पाणी गेटबाहेरच्या डांबराला, कारण धूळ उडायला नको. उरलेल्या पाण्यात गाडी. आधी चारचाकी, मग दुचाकी, मग पायपुसणं. आजी तांब्याभर पाण्यात अख्ख्या अंगणाला सडा घालायची. काकांना पाइप बंद करायला नळापर्यंत चालत जावं लागतं, तेवढे कष्ट कोण घेणार?

हिशेब सोपा आहे, चौथीतलं पोर करेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवं राहायचं तर गवताला दिवसाला पाचेक मिलिमीटर लागतं, म्हणजे गुंठाभर लॉन रोज पाचशे लिटर पितं. शहरातल्या माणसामागं रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असा सरकारी दंडक आहे. खेड्यातल्या माणसाला जलजीवन मिशननं ५५ लिटर धरलेत. याचा अर्थ काकांच्या लॉनच्या रेशनकार्डावर शहरातली जवळपास चार माणसं आहेत, नाहीतर खेड्यातली नऊ. मतदान करत नाहीत एवढंच. तो दिवसही फार लांब नसावा.

काकांकडे उत्तर तयार असतं. ‘आमचं बोअरचं आहे, महापालिकेचं नाही.’ हे वाक्य उपनगरात सात-बारासारखं दाखवलं जातं. जणू जमिनीखालीही कंपाऊंड घातलंय! आपल्याखाली काळा पाषाण आहे, त्यातल्या फटीफटींतून पाणी फिरतं आणि फटीला प्लॉट नंबर नसतो. काकांची मोटर तासभर चालली की शेजारची बोअर खोकायला लागते. मग शेजारी आणखी शंभर फूट खाली जातो, मग काका दीडशे. पुढारी पक्ष बदलतात त्या वेगानं बोअरची गाडी गल्लीत परत येते. केंद्रीय भूजल प्राधिकरणानं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आदेश काढला, की पिण्यालायक भूजल वाया घालवणं हा गुन्हा आहे. तेव्हा दंड लाखापर्यंत होता, कैद पाच वर्षांपर्यंत. कळंब्याच्या तुरुंगात अशा गुन्ह्यातला कुणी कधी दिसला असेल तर कळवा, भेटायला जाऊ.

याउलट नदीकाठचा शेतकरी बघा. धरणं खाली गेली की पाटबंधारे खातं त्याला उपसाबंदी लावतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मोटर बंद. चोरून चालवली तर उपसा संच जप्त, परवाना वर्षभर रद्द. उसाला पाणी सोडून रात्री घोरत पडणारा शेतकरी संत आहे, असं मी म्हणत नाही. त्याच्या सरीत जेवढं पाणी मुरतं त्यात एखादं उपनगर न्हाऊन निघेल, आणि ठिबकचं नाव काढलं की तो आपल्याकडे रागानं बघतो. पण त्याला निदान वेळापत्रक आहे, नोटीस आहे, दारात उभा राहणारा कर्मचारी आहे. नागाळा पार्कातल्या फवाऱ्याची मोटर जप्त झाल्याची बातमी मी अजून वाचलेली नाही. ताराबाई पार्कातल्या पाइपाची तर नाहीच नाही.

गवताचं पाणी अगदी हायकोर्टापर्यंत गेलेलं आपण पाहिलंय. एप्रिल २०१६. आपल्या शेजारच्या मिरजेतून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मैदानं हिरवी ठेवायला लागणाऱ्या पाण्यावरूनच तो दावा होता. सामने गेले, क्रिकेट वाचलं, आकाश कोसळलं नाही. टीव्हीवर खेळ बघताना काकांनीही मान डोलावली होती. ‘बरोबर केलं कोर्टानं.’ पाइप तेव्हा बाहेर चालूच होता.

आणि अमेरिकेचं कौतुक करायचंच, तर तिथलं हेही बघा. लास व्हेगास हे जुगाराचं शहर, तिथं पाण्यावर मात्र कुणी जुगार खेळत नाही. कोणत्या दिवशी फवारा, कोणत्या दिवशी नाही, हे ठरलेलं, आणि पाणी रस्त्यावर वाहिलं तर दंड. घरासमोरचं गवत उपटून वाळवंटी झाडं लावली, तर तिथलं पाणी खातं चौरस फुटावर पैसे मोजतं. नुसतं शोभेचं, ज्यावर कुणी पाय ठेवत नाही असं रस्त्याकडेचं आणि ऑफिसांपुढचं गवत २०२६ अखेरनंतर भिजवायचंच नाही, असा कायदा नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये केला. आपण त्यांचं गवत आणलं, गवत कापायचं यंत्र आणलं, बर्म्युडा आणली. नियम तेवढे विमानतळावर राहिले.

बरं, हे बर्म्युडा गवत म्हणजे काय? आपली हराळी. करवीर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, हराळीचं नाव काढलं की तो आधी शिवी देईल, मग बोलेल. खणली, जाळली, औषध मारलं, तरी मुळासकट जात नाही. मेमध्ये बांधावर पार करपून तपकिरी होते, आणि मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत हिरवी. हे इतकं चिवट गवत काका रोज पाचशे लिटर पाजून ‘जगवतात’. ते दोन महिने पिवळं पडलं तर गवताचं काही बिघडत नाही. बिघडतं ते गॅलरीतून बघणाऱ्या समोरच्या बंगलेवाल्यापुढं.

म्हणून माझी पाटबंधारे खात्याला नम्र सूचना आहे. पुढच्या उन्हाळ्यात उपसाबंदीची नोटीस काढताना भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी लिहून झालं, की खाली एक ओळ वाढवावी: आर. के. नगर, नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी. सम आकड्याच्या बंगल्यांना सोमवार, विषमांना गुरुवार, सूर्य उगवायच्या आत. लग्नाच्या लॉनवाल्यांना मुहूर्त सोडून सगळे दिवस बंद. बाकी पाणी भांडी घासलेलं किंवा आरओतून वाहून जाणारं वापरा. पाइप सापडला तर जप्त.

ओरड होणार, शिष्टमंडळं जाणार. पहिल्याच आठवड्यात नगरसेवकाला घेऊन काका अर्ज देतील, आणि त्या अर्जात काय लिहिलेलं असेल ते मी आजच सांगतो. सदर जागेत लॉन नसून श्रींच्या पूजेसाठी दूर्वा लावलेल्या आहेत, तरी धार्मिक कारणास्तव सूट मिळावी.